भाड्याचं घर, लाईट बिल आणि त्यावरचा कर: ठाणे–नवी मुंबईतल्या मालकांनी काय तपासावं

लाईट बिल आलं की बहुतेकांची नजर शेवटच्या आकड्यावर जाते. घर स्वतः वापरत असाल तर तेवढ्याने भागतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल, गाळा चालवायला दिला असेल किंवा सोसायटीचा हिशेब तुमच्याकडे असेल, तर मात्र त्या आकड्याच्या वरच्या पाच-सहा ओळी वाचाव्या लागतात. त्यातली एक ओळ सरकारी कराची असते. ती भाड्याच्या हिशेबात चुकीच्या जागी गेली, तर जीएसटी, आयकर आणि टीडीएस (भाडं देतानाच कापला जाणारा कर) या तिन्हीकडे तिचा परिणाम दिसतो.

ठाणे शहरात आणि नवी मुंबईत वीज महावितरणची. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात 1 मार्च 2020 पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी वितरण पाहते, पण दर महावितरणचेच लागतात. मीरा-भाईंदरला अदानीचं बिल येतं, त्यामुळे तिथले दर वेगळे. कराचं प्रमाण मात्र कंपनी बदलली म्हणून बदलत नाही, कारण कर राज्य सरकारचा आहे. कंपनी तो फक्त वसूल करून सरकारजमा करते.

बिलातली कराची ओळ

महावितरणच्या मराठी बिलात क्रम साधारण असा असतो: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या बदलत्या खर्चाचा), वीज शुल्क, वीज विक्री कर, व्याज, इतर आकार. पहिले चार वीजपुरवठ्याचे पैसे. त्यानंतरचं 'वीज शुल्क' हा कर. 1958 चा जुना मुंबई वीज शुल्क कायदा जाऊन महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, 2016 आला, आणि आजची आकारणी त्याच्याखाली होते. घरगुती वापराला 16 टक्के, व्यापारी वापराला 21 टक्के. 'वीज विक्री कर' वेगळा. तो 1963 च्या कायद्याखाली प्रति युनिट पैशांत लागतो आणि घरगुती ग्राहकाला लागत नाही. दुकानाच्या आणि ऑफिसच्या बिलात तो दिसतो.

16 टक्के कशावर, हा प्रश्न महत्त्वाचा. पुष्कळांना वाटतं फक्त वापरलेल्या युनिटवर. तसं नाही, वरच्या चारही ओळींच्या बेरजेवर तो लागतो, त्यात स्थिर आकारही आला. म्हणून बंद पडलेल्या फ्लॅटचं बिलही शून्य येत नाही. एक युनिट जळलं नाही तरी स्थिर आकार लागतो आणि त्यावर 16 टक्के शुल्कही लागतं.

नेरूळमधल्या एका फ्लॅटचं महिन्याचं बिल धरू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, कारण दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात. वापर 240 युनिट. स्थिर आकार 130 रुपये, वीज आकार 1,800, वहन आकार 340, इंधन समायोजन 60. बेरीज 2,330. त्यावर 16 टक्के म्हणजे 372.80. एकूण 2,702.80.

आता मालकाने करारात लिहिलंय, 'विजेचे पैसे युनिटप्रमाणे'. तो वीज आकाराला युनिटने भागतो: 1,800 भागिले 240, म्हणजे साडेसात रुपये. त्या दराने भाडेकरूकडून घेतले 1,800 आणि कंपनीला भरले 2,702.80. दर महिन्याला 902 रुपये 80 पैसे खिशातून. सगळ्या ओळी आणि शुल्क धरून खरा दर युनिटला 11.26 रुपये पडतो. तोही पुढच्या महिन्यात तसाच राहणार नाही, कारण पहिली 100 युनिटं स्वस्त, मग 300 पर्यंत वेगळा दर, मग 500 पर्यंत, त्यापुढे सगळ्यात महाग. इंधन समायोजनही दर महिन्याला बदलतं. म्हणून करारात युनिटचा ठरावीक दर लिहू नका. कमी लिहिला तर मालक बुडतो. जास्त लिहिला तर मालक वीज विकून नफा कमावतो असा अर्थ निघतो, आणि वीज कायदा 2003 प्रमाणे विजेचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

सवलत आणि दंड यांच्या हिशेबातही हे शुल्क येतं, पण एकतर्फी. वेळेआधी भरल्याची 1 टक्का सवलत शुल्क आणि कर वगळून मिळते. ऑनलाइन भरल्याची पाव टक्का सवलतही तशीच, शिवाय तिला 500 रुपयांची मर्यादा. मुदत चुकली तर 1.25 टक्के विलंब आकार मात्र शुल्कासकट पूर्ण रकमेवर. वरच्या बिलात सवलत 23.30 रुपये, दंड 33.79. रक्कम किरकोळ आहे, पण ती कोणाच्या उशिरामुळे लागली यावरून मालक-भाडेकरूंचे वाद होतात. भाडेकरूने पैसे मालकाकडे वेळेत दिले आणि मालक भरायला विसरला, तर विलंब आकार मालकाचा. हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

बिल भाड्यात घालायचं का?

घालू नका. 'सत्तावीस हजार सातशे, लाईट बिलासकट' असं एकरकमी भाडं ठरवणं सोयीचं वाटतं. पंचवीस हजार भाडं आणि 2,700 विजेचे, असा हिशेब मनात असतो. आयकराच्या नजरेने मात्र तुम्हाला भाडं मिळालं 27,700. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला महापालिकेचा कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, आणि कर्ज असेल तर व्याजाचा विचार होतो. लाईट बिलाला वेगळी वजावट नाही. ते त्या 30 टक्क्यांत गृहीत धरलेलं आहे. वर्षाचे 32,400 रुपये विजेपोटी आले आणि तेवढेच कंपनीला गेले, तरी 30 टक्के वजा करून 22,680 रुपये तुमच्या करपात्र उत्पन्नात राहतात. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वर्षाला 4,536 रुपये आणि वर उपकर, न मिळालेल्या पैशांवर.

मग टीडीएस. महिन्याचं भाडं 50,000 च्या वर गेलं, तर पगारदार भाडेकरूलाही टीडीएस कापावा लागतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्याचा दर 2 टक्के आहे. पाम बीच रोडच्या किंवा हिरानंदानी इस्टेटच्या फ्लॅटला 48,000 भाडं असेल आणि त्यात 3,000 विजेचे मिसळले, तर आकडा 51,000 होतो आणि भाडेकरूच्या मागे टीडीएसचं काम लागतं. तो नियम त्याला ठाऊक नसतो, मग वर्षाअखेरीस धावपळ. वीज वेगळी, मूळ बिलाप्रमाणे भरली गेली तर ही वेळच येत नाही.

मुद्रांक शुल्कावरही परिणाम होतो, पण तो नगण्य. लिव्ह अँड लायसन्सवर मुदतीच्या एकूण भाड्याच्या 0.25 टक्के लागतं, म्हणजे 32,400 वर 81 रुपये. एवढ्यासाठी कोणी डोकं खाजवू नये. त्यापेक्षा नोंदलेल्या करारात भाडं फुगलेलं दिसणं जास्त त्रासाचं, कारण पुढे बँक, आयकर किंवा मालमत्ता कराच्या आकारणीत कोणी भाड्याचा पुरावा मागितला तर तोच आकडा पुढे येतो.

काही भाडेकरू उलट आग्रह धरतात: वीज भाड्यात घाला, पावती पूर्ण रकमेची द्या. कारण सरळ आहे. घरभाडे भत्त्याची सूट भाड्यावर मिळते, लाईट बिलावर नाही. त्याचा फायदा त्याला, कर तुम्हाला. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण हिशेब करून.

गाळा, दुकान, ऑफिस: इथे जीएसटी येतो

विजेवर जीएसटी नाही. वीज वापरावर आणि विक्रीवर कर लावण्याचा अधिकार घटनेच्या राज्यसूचीत आहे, आणि तोच कर राज्य वीज शुल्क म्हणून घेतं. त्यामुळे बिलातले 16 किंवा 21 टक्के म्हणजे जीएसटी नव्हे, आणि त्यांचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. दुकानदार अनेकदा विचारतात म्हणून स्पष्ट सांगितलं. धंद्याचा खर्च म्हणून ती रक्कम दाखवता येते. मीटर मालकाच्या नावावर असला तरी करारात वीज भाडेकरूने भरायची असं लिहिलेलं आणि भरल्याचा पुरावा हाताशी हवा.

विजेवर जीएसटी नसला, तरी भाड्यात मिसळलेल्या विजेवर तो लागतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 31 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रक क्रमांक 206 मध्ये हे स्पष्ट केलंय. जागेचं भाडं किंवा देखभाल यांच्याबरोबर वीज जोडून दिली, तर ती भाड्याचाच भाग धरली जाते. बिलात वेगळी ओळ केली तरीही. भाड्याला 18 टक्के तर विजेलाही 18 टक्के. मात्र त्याच परिपत्रकात पुढे सूट आहे. मालक, सोसायटी किंवा बिल्डर यांनी वीज कंपनीने लावलेली तेवढीच रक्कम, एक रुपयाही जास्त न घेता, पुढे वसूल केली, तर ते फक्त मधले प्रतिनिधी मानले जातात. कर सल्लागार त्याला 'प्युअर एजंट' म्हणतात. अशी रक्कम भाड्याच्या करपात्र मूल्यात धरली जात नाही.

वाशीतलं एक ऑफिस घ्या. भाडं 60,000, लाईट बिल 21 टक्के शुल्क आणि विक्री कर धरून 12,000. जीएसटी नोंदणी असलेल्या मालकाने बीजक असं करावं: भाडं 60,000, त्यावर 18 टक्के म्हणजे 10,800, खाली वेगळ्या ओळीत 'वीज देयकाची प्रत्यक्ष प्रतिपूर्ती, ग्राहक क्रमांक अमुक, महिना अमुक' 12,000, आणि बिलाची प्रत जोडलेली. एकूण 82,800. हेच 72,000 एकत्र दाखवले तर कर 12,960 आणि एकूण 84,960. महिन्याला 2,160 चा फरक. भाडेकरू क्रेडिट घेणारा व्यापारी असेल तर त्याला याचं फारसं काही वाटणार नाही. दवाखाना असेल तर वाटेल. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने डॉक्टरांना ते क्रेडिट मिळत नाही, पूर्ण 2,160 खर्चात जातात.

नोंदणी नसलेल्या मालकाचा धोका वेगळा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख. दोन गाळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं दीड लाख, म्हणजे वर्षाचे 18 लाख, मर्यादेच्या आत. विजेचे महिन्याला 20,000 त्यात मिसळले की 2 लाख 40 हजारांची भर पडते आणि आकडा 20 लाख 40 हजार. मर्यादा ओलांडली ती दुसऱ्याच्या लाईट बिलामुळे. राहत्या घराचं भाडं करमुक्त असलं तरी गाळ्याच्या भाड्याबरोबर तेही उलाढालीत धरलं जातं, हेही लक्षात ठेवा.

आणि नोंदणी नाही म्हणजे सुटलो असं नाही. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा नोंदणीकृत व्यापाऱ्याने घेतली, तर भाड्यावरचा 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने भाडेकरू भरतो. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या) व्यापाऱ्यांना नंतर यातून वगळलं गेलं. भाड्याची रक्कम जितकी फुगलेली तितका त्याचा कर जास्त, आणि करार नूतनीकरणाच्या वेळी तो ते तुमच्याकडून वळतं करून घेणार. राहतं घर कोणाला राहण्यासाठीच दिलं असेल आणि भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत नसेल, तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

वागळे इस्टेट, महापे, रबाळे इथल्या औद्योगिक इमारतींत एक प्रकार नेहमी दिसतो. मालकाच्या नावावर एकच मोठी जोडणी आणि आत प्रत्येक गाळ्याला सबमीटर. कंपनीचा खर्च युनिटला 13 रुपये पडतो, मालक गाळेवाल्यांकडून 15 घेतो. 'मेंटेनन्स निघतो' म्हणून. ते दोन रुपये घेतले की प्रत्यक्ष रकमेची अट मोडली. मग फक्त दोन रुपयांवर नाही, विजेच्या सगळ्या रकमेवर भाड्याच्या दराने जीएसटी मागता येतो. मेंटेनन्स हवा तर वेगळा आकारा, त्यावर कर भरा.

सबमीटरच्या हिशेबात अजून एक गोष्ट खटकते. मुख्य मीटर 10,000 युनिट दाखवतो आणि सबमीटरांची बेरीज 9,600 भरते. मधली 400 युनिटं जिन्यातले दिवे, पंप आणि वायरिंगमधली घट. मालक ती स्वतः सोसत नाही, आणि गाळेवाले 'आमच्या मीटरवर तेवढी नाहीत' म्हणतात. पूर्ण बिलाला 9,600 ने भागून प्रत्येकाच्या युनिटांनी गुणलं की वसुली बिलाएवढीच राहते आणि घट सगळ्यांत वाटली जाते. ही पद्धत करारात एका वाक्यात लिहा आणि दर महिन्याचा तक्ता बिलासोबत ठेवा. तपासणीत तोच कागद उपयोगी पडतो.

राहत्या घरात धंदा: शुल्काचा दर चुकतो तेव्हा

घरगुती मीटरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूने क्लास काढला, ऑफिस थाटलं, कपड्यांचं दुकान मांडलं, तर 16 ऐवजी 21 टक्के शुल्क, वर विक्री कर आणि मुळात महाग व्यापारी दर. 10,000 रुपयांच्या आकारावर शुल्कातला फरकच 500 रुपये. पण खरा फटका फरकाचा नसतो, दंडाचा असतो. भरारी पथकाने तपासणी केली की वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापराची आकारणी होते, ती त्या वर्गाला लागू दराच्या दुप्पट. वापर कधीपासून सुरू होता ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे 12 महिने धरले जातात. भाडेकरू तोवर निघून गेलेला असेल, तर बिल मीटरवर येतं आणि मीटर तुमच्या नावावर असतो.

घरून केलेलं प्रत्येक काम मात्र यात मोडत नाही. वकील, डॉक्टर, सीए, इंजिनिअर यांनी राहत्या घरात आपला व्यवसाय केला तर घरगुती दर चालतो. नर्सिंग होम किंवा हॉस्पिटल नाही. घराच्या एका भागात छोटा धंदा असेल, महिन्याचा वापर 300 युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3,600 पर्यंत, तर तोही घरगुती दरात बसतो. डबे करून देणारी, शिवणकाम करणारी घरं या तरतुदीमुळे सुरक्षित आहेत. उन्हाळ्यात एसी लावून 340 युनिटं झाली की तीच तरतूद अंगाशी येऊ शकते, म्हणून युनिटांवर नजर हवी.

कलम 126 ची तात्पुरती आकारणी हाती पडली तर गप्प बसू नका. हरकत लेखी द्या, सुनावणी मागा. अंतिम आदेशावर 30 दिवसांत अपील करता येतं, त्यासाठी आकारलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ग्राहक तक्रार निवारण मंच ही प्रकरणं घेत नाही, तिथे जाऊन वेळ घालवू नये.

उलटी चूकही होते. घोडबंदर रोडला किंवा उलव्याला नवा टॉवर उभा राहतो, बिल्डरची बांधकामासाठी घेतलेली जोडणी घरगुती दराची नसते, आणि ताबा देऊन झाल्यावरही लिफ्ट-पंपाचा मीटर त्याच वर्गात पडून राहतो. सोसायटी जास्त दर आणि जास्त शुल्क दोन्ही भरत बसते. बिलावर 'दर संकेत' नावाची ओळ असते, तिथे एलटी-1 घरगुती आहे का ते ताबा घेतल्या महिन्यात बघा. निव्वळ निवासी इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे घरगुती वर्गात येतात. नसतील तर वर्ग बदलण्याचा अर्ज आधी उपविभागीय कार्यालयात द्यायचा, दाद मिळाली नाही तर मंचाकडे, तिथून विद्युत लोकपालांकडे. मंचाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

सामायिक मीटर घरगुती असला तरी युनिटं हजारांत जातात, बरीचशी सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात आणि 16 टक्के त्या महागड्या रकमेवर लागतात. हा खर्च देखभाल वर्गणीतून निघतो. सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर आणि सभासदाची वर्गणी महिन्याला 7,500 च्या वर, या दोन्ही गोष्टी जुळल्या की वर्गणीवर जीएसटी येतो. वर्गणी 7,500 च्या काठावर असेल तर जनरेटरच्या विजेचे मनमानी दराने लावलेले पैसे तिला सीमेपार ढकलू शकतात. जनरेटरची वीज कंपनीच्या बिलाची प्रत्यक्ष रक्कम नसते, त्यामुळे प्रतिनिधी म्हणून मिळणारी सूट तिला लागत नाही.

मीटर कोणाच्या नावावर, ठेव कोणाची

वीज मालकाला किंवा जागेचा ताबा असलेल्यालाही मागता येते, असं वीज कायद्याचं कलम 43 सांगतं. अकरा महिन्यांच्या करारासाठी मात्र कोणी मीटर भाडेकरूच्या नावावर करत नाही, करूही नये. मोठ्या मुदतीच्या व्यापारी भाडेपट्ट्यात विचार करायला हरकत नाही: बिल थेट भाडेकरूच्या नावावर येतं आणि प्रतिपूर्तीचा प्रश्नच मिटतो. जुना बंगला असेल, खाली मालक आणि वर भाडेकरू, तर स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असल्यास दुसऱ्या मीटरचा अर्ज करून पाहावा. दोन कुटुंबं एका मीटरवर असली की युनिटं एकत्र मोजली जातात, वरच्या टप्प्यात जातात आणि शुल्कही वाढतं. ते शक्य नसेल तर सबमीटर. 240 पैकी 90 युनिटं वरच्या मजल्याची, म्हणजे 37.5 टक्के, 2,702.80 च्या बिलात त्याचा वाटा 1,013.55. भाडेकरू आल्यामुळेच टप्पा वर गेला असं मालकाला वाटतं आणि त्यात तथ्यही आहे, पण प्रमाणात वाटणी हीच भांडणाशिवाय टिकणारी पद्धत.

सुरक्षा ठेवीकडे बहुतेक मालक दुर्लक्ष करतात. कंपनी ती सरासरी बिलाच्या दुप्पट धरते. आधी घर बंद असायचं आणि बिल सरासरी 1,200 यायचं. भाडेकरूने दोन एसी लावले आणि सरासरी 4,000 झाली. ठेव 2,400 वरून 8,000 हवी, म्हणून 5,600 ची वेगळी मागणी येते. भाडेकरू म्हणतो मी का भरू. त्याचं बरोबर आहे: ही ठेव तुमच्या ग्राहक क्रमांकावर जमा राहते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. ठेव मालकाने भरावी. ज्या महिन्यात ठेवीचं व्याज बिलातून वजा झालं, त्या महिन्यात भाडेकरूकडून व्याजाआधीची रक्कम घ्यावी, हेही तितकंच खरं.

करारातलं कलम साधं असू द्या (त्यात परवानाधारक म्हणजे भाडेकरू आणि परवाना शुल्क म्हणजे भाडं): 'सदर जागेच्या ग्राहक क्रमांक … चे दरमहाचे वीज देयक, त्यातील स्थिर आकार, वीज शुल्क व इतर करांसह, परवानाधारक देय दिनांकापूर्वी परस्पर भरेल व पावती मालकास पाठवेल. ही रक्कम परवाना शुल्काचा भाग नाही. अतिरिक्त सुरक्षा ठेव मालक भरेल. जागेचा वापर फक्त निवासासाठी होईल. वापर बदलल्यामुळे झालेली कोणतीही आकारणी परवानाधारकावर राहील.' ग्राहक क्रमांक 12 अंकी असतो, तो करारात लिहाच. तुमचा मोबाईल नंबर त्या क्रमांकाशी जोडलेला ठेवा, म्हणजे थकबाकीचा एसएमएस तुम्हालाही येईल.

भाडेकरू महिन्याच्या मधेच बदलला तर वाटणी अशी. निघण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. स्थिर आकार दिवसांनी वाटा, उरलेल्या तीन ओळी युनिटांनी, मग प्रत्येकाच्या बेरजेवर 16 टक्के. वरच्याच बिलात जुना भाडेकरू 12 दिवस राहिला आणि 130 युनिटं वापरली, नवा 18 दिवस आणि 110. जुन्याचे 52 अधिक 1,191.67, शुल्क धरून 1,442.66. नव्याचे 78 अधिक 1,008.33, शुल्क धरून 1,260.14. बेरीज बरोबर 2,702.80. दार बंद असल्याने सरासरी बिल आलेलं असेल तर ही वाटणी खोटी पडते; आधी महावितरणच्या अ‍ॅपवरून रीडिंग पाठवून बिल दुरुस्त करून घ्या, डिपॉझिट त्यानंतर परत करा.

थकबाकीसाठी कंपनी 15 दिवसांची स्पष्ट नोटीस देऊन वीज तोडू शकते. मालकाने मात्र भाडेकरूचे पैसे अडकले म्हणून स्वतः फ्यूज काढू नये. भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 29 योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडायला मालकाला मनाई करतं.

जुनं घर विकत घेताना, विशेषतः बँकेच्या लिलावात, बिलाची थकबाकी आधी तपासा. वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेत थकबाकीचा बोजा जागेवर राहतो. वारस वगळता नव्या मालकावर तो जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या बिलांपुरता. नियमात तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची बाकी नव्याकडून वसूल करता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 च्या के. सी. निनान प्रकरणात शिक्कामोर्तब केलं. थकलेल्या रकमेत वीज शुल्कही असतंच. ताबा घेण्याआधी विकणाऱ्याकडून शेवटचं भरलेलं बिल आणि नावबदलाची संमती हातात घ्या, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आल्याबरोबर नावबदलाचा अर्ज टाका, आणि जुन्या मालकाची ठेव तुमच्या नावावर वर्ग होणार की नवी भरायची ते सौद्याच्या किमतीतच ठरवून घ्या.